रांगणारे घरमालक

आमच्या घरात सगळ्यात आधी रांगले ते आमचे घरमालक.

बाळ तेव्हा पोटात होतं, सातवा महिना. रविवारी सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं तर काका उभे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी, आणि दोन्ही गुडघ्यांना ब्लँकेटचे तुकडे नाडीनं घट्ट बांधलेले. सत्तरीच्या आसपासचा माणूस, शर्ट इस्त्रीचा, लेंगाही इस्त्रीचा.

"इन्स्पेक्शन आहे," ते म्हणाले. "दहा मिनिटं लागतील. तू चहा ठेव. मी घेणार नाही, पण ठेव. गॅसपाशी तू कशी वावरतेस तेही बघायचंय."

एवढं बोलून ते खाली वाकले, दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि रांगत आत शिरले. नवरा दात घासत होता. ब्रश तोंडात तसाच ठेवून तो बघत राहिला. थोड्या वेळानं पलंगाखालून आवाज आला, "एक टाचणी. एक बटण. अर्धी गोळी, डोकेदुखीची असावी. लिहून घ्या."

मी खरंच लिहून घेतलं.

सापडलेली प्रत्येक वस्तू ते त्या डबीत टाकून बघत. "या डबीत जे मावतं ते त्याच्या घशात जातं. डबीत जात नसेल तरच ती वस्तू खाली राहील." मग खेळण्यांतल्या त्या चपट्या, बटणासारख्या बॅटऱ्यांविषयी त्यांनी पलंगाखालूनच एक छोटं भाषण केलं. तसली बॅटरी घरातच आणायची नाही, आणि कधी पोटात गेलीच तर उद्या बघू म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. बाहेर आले तेव्हा केसांत जळमट होतं.

"उभ्या माणसाला घर दिसत नाही," ते म्हणाले. "तुमचं घर मी आत्ता पहिल्यांदा बघितलं."

आता आम्ही कल्याणला राहतो, मुलगा चौथीत आहे, आणि काका जाऊन दोन वर्षं होतील. पण अजूनही कुणाकडे बाळ झालं की मी भेट द्यायला जाते आणि बोलता बोलता माझी नजर पलंगाखाली जाते.

तेव्हा आम्ही ठाण्याच्या पुढे, दिवा स्टेशनजवळ राहायचो. दिव्याला त्यांच्या दोन खोल्या होत्या. तळमजल्यावरच्या खोलीत ते एकटे राहायचे, वरच्या खोलीत आम्ही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, सेफ्टी सुटली नाही. बिल्डिंगच्या जिन्यापाशी त्यांनी एक काळा फळा लावला होता. त्यावर वर खडूनं लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली आकडा. रोज सकाळी सातला तो आकडा ते एकानं वाढवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचा तरी हात इस्त्रीनं भाजला तेव्हा त्यांनी दोनशे काहीचा आकडा पुसून शून्य केला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

लहान मुलाला ते नवा कामगार म्हणायचे.

"नवा कामगार सगळ्यात धोक्याचा. जुन्याला भीती असते. नव्याला माहिती कसलीच नसते आणि हात मात्र सगळीकडे जातात. तुमच्याकडे येणारा तर इतका नवा, की हात आपलाच आहे हेसुद्धा त्याला कळायला महिने लागतील."

दिव्यात पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. त्यामुळे घराघरांत ड्रम, टब, बादल्या, कळश्या, जे असेल ते भरून ठेवलेलं. काकांना या भरलेल्या भांड्यांची फार धास्ती. बिल्डिंगमध्ये कुणाकडे मूल झालं की ते टेप घेऊन जायचे, ड्रमचं, टबाचं तोंड मोजायचे आणि चार दिवसांनी प्लायवूडची झाकणं कापून आणायचे. झाकणावर वरवंटा किंवा वीट ठेवायची, हा नियम.

"वीतभर पाणी पुरतं," ते मला म्हणालेले. "मुलाचं डोकं जड असतं, वाकलं की आत. आणि ओरडत नाही ते. तोंड पाण्यात असताना ओरडणार कसं? म्हणून आवाज येईल, मग धावू, असं समजू नकोस."

हे ऐकल्यावर मी आंघोळीची बादलीसुद्धा उपडी करून ठेवायला लागले.

माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई राजापूरच्या बाजूच्या गावाहून आल्या, आणि आमच्या खोलीत दोन सत्ता नांदायला लागल्या. सासूबाईंनी पाच मुलं वाढवलेली. काकांनी एक. पहिली चकमक मोहरीच्या उशीवरून झाली.

"वहिनी, ही उशी कशाला?"

"डोकं गोल व्हायला. माझ्या पाचही पोरांची डोकी बघा."

काकांनी माझ्या नवऱ्याच्या डोक्याकडे नीट बघितलं. नवरा पेपरात तोंड घालून बसला.

"डोकं चपटं राहिलं तरी माणूस जगतो," काका म्हणाले. "नाकातोंडावर काही आलं तर नाही जगत. वर्षभर याला उशी नको, जाड गोधडी नको. पाठीवर झोपवायचं आणि बिछाना मोकळा ठेवायचा."

सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "ह्यांचं बाळंतपण झालंय काय कधी?"

बाहेरून उत्तर आलं, "नाही झालं वहिनी. अपघात मात्र पुष्कळ बघितलेत."

उशी गेली. मग बारशाला मधाचं बोट गेलं, कारण वर्षाच्या आत मध द्यायचा नाही असं काकांनी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणलं होतं. काजळ डोळ्यांतून निघून तळपायावर आलं, ही तडजोड. झोळीच्या हुकाला काकांनी तांदळाचं वीस किलोचं पोतं दिवसभर टांगून ठेवलं, आणि संध्याकाळी हुकाभोवतीचं सिमेंट बोटांनी चाचपून मगच मान हलवली. सासूबाई त्या पोत्याखालून ये-जा करताना पुटपुटत, "एवढ्या तांदळात बारसं दोनदा झालं असतं."

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. धुरी. मातीच्या भांड्यात निखारे, त्यावर ओवा, लसणाच्या साली, आणि दार-खिडकी बंद. आंघोळीनंतर बाळाला त्यावरून फिरवायचं. काकांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मालक, खोली तुमची, नातू माझा." त्यावर काका गप्प झाले. मीही काही बोलले नाही. सुट्टी संपून मी ठाण्याला कॉलेजच्या ऑफिसात परत कामावर जायला लागलेले, दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर असायचं. ज्यांच्या जिवावर आपण नोकरी करतो त्यांना काय बोलणार?

बाळ पाचव्या महिन्यात होतं तेव्हा त्याला सर्दी झाली. दोन दिवस नाक गळत होतं, तिसऱ्या दिवशी दूध ओढेना. मी रजा टाकली. सासूबाई म्हणाल्या, "कफ दाटलाय, धुरीनं मोकळा होईल," आणि त्या दिवशी त्यांनी दोनदा धुरी दिली. दुपारी दोनच्या सुमाराला काका कसलंसं झाकण बसवायला वर आले. दारातच थांबले. धूर अजून खोलीत होता.

त्यांनी आधी खिडकी उघडली. मग बाळाजवळ बसले आणि मला म्हणाले, "अंगातलं वर घे त्याच्या. पोट दिसू दे."

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी समोर धरलं आणि बाळाच्या पोटाकडे बघत राहिले. ओठ हलत होते. पूर्ण एक मिनिट. 

"अडुसष्ट," ते म्हणाले. "या वयाला पन्नासच्या वर गेलं की घरी ठेवायचं नसतं. आणि हे बघ, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. चला."

"सर्दी तर आहे," सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"वहिनी, माझं चुकलं तर उद्या तुम्ही मला हसा. आत्ता चला."

त्यांच्या दारामागे एक पिशवी कायम टांगलेली असायची. ती त्यांनी उचलली. मुलांचं हॉस्पिटल डोंबिवलीला. रिक्षा मिळाली, आणि शीळफाट्याला आम्ही अडकलो. पुढे कंटेनर, मागे टँकर, बाजूला खडीचा डंपर. मुंगी हलत नव्हती. बाळ माझ्या मांडीवर कण्हत होतं, कण्हणंही मधूनच थांबायचं, आणि ते थांबलं की माझा जीव जायचा. सासूबाई डोळे मिटून गावच्या देवाला हाक मारत होत्या.

काकांनी पिशवी उघडली. आतून पिवळं हेल्मेट काढून डोक्यावर घातलं, नारिंगी जाकीट चढवलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि रिक्षातून उतरले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण ते सरळ कंटेनरसमोर जाऊन उभे राहिले, हात आडवा केला आणि अशी शिट्टी मारली की चारही बाजूंचे हॉर्न क्षणभर बंद झाले. कंटेनरवाल्याला मागे, डंपरवाल्याला डावीकडे, "रुको, रुको, अब आने दो!" हा माणूस कोण, कुठल्या खात्याचा, कुणी विचारलं नाही. हेल्मेट होतं, शिट्टी होती आणि आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. आमची रिक्षा वाट काढत डोंबिवलीकडे, कल्याणच्या रस्त्याला लागली. आमचा रिक्षावाला थांबायला बघत होता, तर काकांनी लांबूनच हात झटकला, "जा! मी येतो मागून!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी बाळाकडे एकदा बघितलं आणि नाव विचारायच्या आधी नाकाशी ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया होता. पाच दिवस आम्ही तिथं होतो.

काका तासाभरानं पोचले, हेल्मेट अजून डोक्यावरच. नवरा ऑफिसातून आलेला, मी आत बाळापाशी. बाहेर बाकावर सासूबाई एकट्या बसल्या होत्या, आणि काचेच्या दारातून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"माझ्यामुळं झालं काय हो?"

काका त्यांच्या शेजारी बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"कंपनीत अपघाताची चौकशी व्हायची," ते म्हणाले, "तेव्हा मी पहिल्या पानावर माणसाचं नाव लिहायचो नाही. नाव लिहिलं की लोक लपवायला लागतात. सर्दी त्याला झालेलीच होती. धुरानं छाती आणखी दुखावली. दोष धुराचा, वहिनी. तुमचा नाही."

सासूबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. मी दाराआड उभी राहून रडले. कारण मला ठाऊक होतं, गप्प बसले ती मी होते, आणि माझंही नाव त्यांनी पहिल्या पानावर लिहिलं नव्हतं.

घरी आलो तर फळ्यावरचा आकडा तसाच चालू होता. नवऱ्यानं विचारलं, "काका, शून्य नाही केलं?"

"आजारपण म्हणजे अपघात नव्हे," ते म्हणाले. "उशीर झाला असता तर अपघात."

त्यानंतर सासूबाईंनी असा पक्ष बदलला की काकांनाही भीती वाटावी. शेजारणीकडे बाळंतीण आली की त्या पहिल्या हजर. "धुरी नाय द्यायची, कळलं? श्वास मोजायला शिक आधी. हाताला साबण लाव नि मग पोराला घे. सुया टोचायची तारीख चुकवू नको." काका त्यांना सेफ्टी कमिटी म्हणायचे. त्या त्यांना मालक म्हणायच्या, पण आता त्या शब्दासोबत भाजलेल्या काजूंची वाटी असायची.

असा हा माणूस आमचा झाला. रोज संध्याकाळी वर यायचा, बाळाशी खेळायचा. म्हणजे बाळाभोवती गस्त घालायचा. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, कपाटाच्या कोपऱ्यांना फोम, उंबरठ्याला सतरंजीची गुंडाळी. बाळ रांगायला लागलं तर काकाही त्याच्या मागोमाग रांगत. उभं राहू लागलं तर मागे काकांचे दोन हात, पाण्यासाठी ओंजळ धरावी तसे. जरा डगमगलं की उचलून कडेवर. काका थकले की सासूबाई उचलत.

मुलगा चौदा महिन्यांचा झाला तरी चालेना. पंधरावा लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाय हलवून बघितले आणि हसल्या. "याला काही झालेलं नाही. याला खाली सोडतं का कुणी?"

ते शब्द काकांना सांगायचे कसे, हा माझ्यापुढचा प्रश्न. ज्या माणसानं शीळफाट्याला उभं राहून माझ्या मुलाचा जीव वाचवला, त्याला सांगायचं की तुमचे हात मागे घ्या?

मी एका दुपारी त्यांच्याकडे खाली गेले. डॉक्टर काय म्हणाल्या ते वेडंवाकडं सांगितलं. काका ऐकून घेत होते. मग उठले, कपाटातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, बागेतल्या झोपाळ्यावर बसलेली. झोपाळा हलत नव्हता. कारण त्याच्या दोन्ही साखळ्या काकांनी धरून ठेवल्या होत्या.

"ही माझी मुलगी. नाशिकला असते," ते म्हणाले. त्यांना मुलगी आहे हे मला माहीत होतं. रविवारी तिचा फोन यायचा, दोन मिनिटांचा. "तिला मी सायकल शिकू दिली नाही. पोहायला पाठवलं नाही. सहलीला तर नाहीच. कारखान्यात दिवसभर काय काय बघून घरी यायचो. घरी आलो की पोरीकडे बघून छातीत धडधडायचं. तिला मूल झालं, ती घेऊन आली इथं. दोन दिवस मी त्या नातीच्या मागे हात पसरून फिरलो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या घरात पडायलासुद्धा जागा नाही. बॅग भरली आणि गेली. चार वर्षं झाली."

फोटो त्यांनी परत घेतला, कपाटात ठेवला. "बरोबर बोलतायत तुझ्या डॉक्टर," एवढंच म्हणाले.

आठ दिवस ते वर आले नाहीत. सासूबाई दोनदा वाटी घेऊन खाली गेल्या आणि दोनदा म्हणाल्या, "बरे आहेत. गप्प आहेत." मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाला तोडलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. काका आत आले, भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सोड त्याला."

मी मुलाला खोलीच्या मधोमध उभं केलं. आजूबाजूला कुणी नाही. त्यानं आधी काकांकडे बघितलं, ते नेहमीचे दोन हात शोधत. हात दिसेनात. काकांनी दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते.

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला तोल गेला आणि मुलगा पालथा फरशीवर आपटला. कपाळ लागल्याचा आवाज आला. सासूबाई झेपावल्या, मी त्यांचा हात धरला. मुलगा भोकाड पसरून रडत होता आणि काकांकडे बघत होता. काका जागचे हलले नाहीत. त्यांच्या गळ्याची शीर तट्ट फुगली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात मांड्यांखालीच.

मुलगा थोडा वेळ रडला. मग त्याला त्याचा कंटाळा आला असावा. दोन्ही हात टेकून, बूड वर करून तो उठला आणि चार पावलं चालून सरळ काकांच्या अंगावर जाऊन पडला.

तेव्हा त्यांनी हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या त्यांना. नीट बोटं वळत नव्हती, तरी त्यांनी मुलाला धरलं. थोड्या वेळानं मला म्हणाले, "माझ्या खिशातला फोन काढ. नाशिकला लाव. स्पीकरवर ठेव, हात चालत नाहीयेत."

वार रविवार नव्हता. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "बाबा? काय झालं?"

"काही नाही. वरच्यांचा मुलगा आज पडला. माझ्यासमोर."

"आणि?"

"आणि मी उठलो नाही."

 मग ती म्हणाली, "लागलं का त्याला?"

"टेंगूळ आलंय. पुन्हा उठला आणि चालला."

मी मुलाला त्यांच्या मांडीवरून उचललं, सासूबाईंना खूण केली आणि आम्ही तिघं बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलो. पुढे ते काय बोलले मला माहीत नाही. आम्ही परत आत आलो तेव्हा फोन बंद होता आणि काका रुमालानं चष्मा पुसत होते.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकची पाहुणी आली. बरोबर तिची पाच वर्षांची मुलगी, समोरचे दोन दात पडलेली, क्षणभर एका जागी न थांबणारी. दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले होते. खालून आवाज आला म्हणून कठड्यावरून वाकून बघितलं. ती मुलगी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होती, हात पसरून. तिची आई दारात उभी, तोंडावर हात ठेवून. आणि खाली फरशीवर काका, हात पाठीमागे घट्ट बांधलेले.

"आजोबा, बघताय ना?"

"बघतोय," काका म्हणाले.  "मार उडी."